काकणीचा वाटा

गोव्याला जाऊन आले म्हटलं की कोल्हापुरात लोक दोनच गोष्टी विचारतात. काजू आणले का, आणि समुद्रात उतरलात का. मी दोन्ही केलं नाही. मी तिथून कापसात गुंडाळलेलं एक नासकं अंडं घेऊन आले. हे सांगितलं की विचारणारे विषय बदलतात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. स्वभावाने तुसडी आहे, आणि ते माझ्या विद्यार्थ्यांइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरीही त्यांच्यातला मनोहर दर दिवाळीला मला पत्र पाठवतो. मूळचा सावंतवाडीकडचा, वडील खाणीवर कामाला लागले म्हणून कुटुंब डिचोलीत आलं, आणि तो आता तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत असतो. यंदाच्या पत्रात त्याने लिहिलं होतं की हरमलला समुद्रगरुडाची एक जोडी आहे, तिथले लोक मादीला काकण म्हणतात. दरवर्षी घरट्याची डागडुजी होते, अंडी घातली जातात, मादी महिनोन्‌महिने बसते आणि पिल्लू काही बाहेर येत नाही. ‘बाई, तुम्ही शिकवलेलं पातळ कवचाचं प्रकरण ते हेच का?’

वीस वर्षं शिकवल्यावर वर्गातली एक गोष्ट कुणी आठवून विचारली, एवढ्यावरच मी निम्मी विरघळले. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, पिल्लू न निघालेलं एखादं अंडं मिळालं तर तपासून देतो. वनखात्याची परवानगी मिळवण्यात दोन महिने गेले आणि संक्रांत आटोपल्यावर मी एसटीत बसले.

डिचोली

डिचोलीला उतरले तेव्हा माझी पांढरी साडी पांढरी होती. मनोहरच्या घरी पोचेपर्यंत ती गेरू लावल्यासारखी झाली. खनिजाचे ट्रक एकामागून एक जात होते, ताडपत्री असलेले आणि नसलेले, आणि त्यांची धूळ कौलांवर, केळीच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत होती. मनोहरची आई दारातली तुळस ओल्या फडक्याने पुसत होती. आमच्याकडे तुळशीला पाणी घालतात, इथे तिला आधी पुसावं लागतं.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून चार-पाच वर्षं झाली होती. कचेऱ्यांवरच्या कोकणी पाट्या अजून कोऱ्या दिसत होत्या आणि त्यांच्या शेजारच्या भिंतीवर मराठीच्या मागणीची घोषणा अर्धी पुसली गेली होती. मनोहरची आई घरात मालवणी बोलते, पोथी मराठीत वाचते आणि बाजारात कोकणीत घासाघीस करते. मी तिला विचारलं, तुमची भाषा कुठली हो? ती म्हणाली, “इचारूक कोण इलोच नाय.” आणि माझ्यापुढे तिरफळं घातलेली बांगड्याची कढी ठेवली. तिरफळ चावायचं नसतं हे मला कुणी सांगितलं नाही. जीभ अर्धा तास बधिर होती आणि मनोहरला हसू आवरत नव्हतं.

संध्याकाळी नदीवर गेलो. पाणी विटकरी रंगाचं आणि दाट दिसत होतं. मनोहर म्हणाला, लहानपणी आम्ही इथे मासे धरायचो. आता कुणी धरत नाही का, असं विचारायचं मी टाळलं, कारण काठावर एक बगळासुद्धा नव्हता.

तुयेवरून हरमल

सकाळी पदेराने, म्हणजे पाववाल्याने, दारात आणून दिलेले गरम उंडे चहात बुडवून खाल्ले. पाव हा प्रकार मी आजाऱ्यांचा समजत होते, पण उंडा खाल्ल्यावर मत बदललं. मग मनोहरच्या मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसून निघाले. कोलवाळचा पूल ओलांडून पेडणे तालुक्यात शिरलो तशी धूळ मागे राहिली, भाताची कापलेली शेतं आणि मिरचीचे वाफे दिसू लागले, आणि मी जरा सैल बसले. तेवढ्यात पोटरी सायलेन्सरला टेकली. तुयेच्या कारखान्याच्या फाटकावर मनोहरच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या जागेला टूथपेस्ट लावली आणि मी त्यांना शास्त्रीय कारण विचारलं तेव्हा सगळे मनोहरकडे दयेने बघू लागले.

फाटकावरच बाबलो आमची वाट पाहत होता. बाबलो हळर्णचा पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. पन्नाशीचा, काटक, पायांचे तळवे फळीसारखे. हरमलच्या पाडेल्यांनी त्या झाडावर चढायला साफ नकार दिला होता, कारण झाड राखणदाराचं, म्हणजे गावाच्या सीमेवर पहारा देणाऱ्या देवाचं. बाबलोला मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत?

“वाटता तर,” तो म्हणाला. “पण माझ्या गावचो राखणदार येगळो. ह्येका मी विचारूनच चडतलंय.”

हरमलची वाळू दोन भागांत वाटलेली आहे. एका टोकाला गोरे लोक उघडेवाघडे पहुडलेले, त्यांच्यासाठी झापांच्या झोपड्या, भाड्याच्या स्कूटर, कुठल्याशा कॅसेटचा धडधडाट. दुसऱ्या टोकाला होड्या, जाळी आणि वाळत घातलेल्या मासळीचे पट्टेच्या पट्टे. मधे कसलंही कुंपण नाही. वास मात्र सगळीकडे एकच होता.

गावामागच्या टेकाडावर ते झाड. जुना, अवाढव्य आंबा, आणि शेंड्याजवळच्या बेचक्यात बैलगाडीच्या साटीएवढं काटक्यांचं घरटं. बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड, पुढे विड्यांचं पुडकं आणि नारळाच्या करवंट्या. पाचोळ्यात समुद्रसापांचे कणे पडलेले. तिथेच एक बाई पाचोळा झाडत होती. साठीची असेल, कपाळ मोकळं, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मनोहरने ओळख करून दिली. ही शेवंतामावशी. काकणीला वाटा घालायचा मान हिच्या घराचा.

हा मान काय, ते मला तिनेच सांगितलं. काकण म्हणजे राखणदाराचं पाखरू. हंगामात रोज सकाळी किनाऱ्यावरच्या एका ठरलेल्या खडकावर तिच्यासाठी मूठभर मासळी ठेवायची. तिने उचलली की देवाला पोचली. तिचा सासरा घालायचा, मग नवरा घालायचा. नवरा होडी उलटून गेला त्याला सात वर्षं झाली. मुलगा आखातात. म्हणून आता ती घालते.

“आणि सात वर्सां पिल्लू उडूक नाय,” ती म्हणाली. हे सांगताना तिने झाडणं थांबवलं नाही.

टेकाडावरून गावातल्या आमच्या मुक्कामाकडे परतताना मनोहरने उरलेलं सांगितलं. गावात कुजबुज आहे की विधवेच्या हातचा वाटा देवाला चालत नाही. येत्या रविवारी कौल लावणार आहेत. दगडावर ओल्या पाकळ्या चिकटवून घाडी देवाला प्रश्न विचारतो, आधी उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली की मान शेवंताच्या घरातून जाणार. मला संताप आला. कौल आमच्याकडेही लावतात, पण नवरा मेल्याचा दोष पाखराच्या अंड्यावर नेऊन घालायचा म्हणजे कमाल झाली. मी मनाशी म्हटलं, त्या अंड्यात काय आहे ते एकदा कळू दे, मग बघते या लोकांकडे.

आंब्यावर

दुसऱ्या दिवशी बाबलोने नारळ फोडला, एक विडी पेटवून दगडावर ठेवली आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा राखणदारा, मी हळर्णचो बाबलो तुझ्या सीमेत इलंय. चोरूक येवक नाय. ह्या बायेक एक नासका अंडा होया. चुकला तर पदरात घे. माका वर जावक दी आणि खाली येवक दी.”

“व्हय म्हाराजा,” शेवंता म्हणाली. मनोहरही म्हणाला. मी नुसती उभी राहिले.

तो चढू लागला तशी काकण घरट्यावरून उठली. पोट, डोकं, छाती शुभ्र पांढरी, पंख राखाडी, आणि इतकी मोठी की सावली आमच्या अंगावरून फिरली. तिचा नरही आला. दोघं बदकासारख्या घोगऱ्या आवाजात ओरडत घिरट्या घालू लागली. ती दिवाळीच्या आधीपासून बसली होती. चाळीसेक दिवसांत जे व्हायला हवं त्यासाठी तिने तीन महिने धीर धरला होता. ज्याला उठायचं कळत नाही त्याचा राग येतो म्हणतात. मला तिच्याकडे बघून रडू आलं.

बाबलो अर्ध्या तासाने खाली आला. कमरेच्या पंच्यात एक अंडं. दुसऱ्याची फक्त टरफलं होती, ती त्याने पानात बांधून आणली होती. अंडं मी तळहातावर घेतलं. एका बाजूला खोलगट पिचलेलं, आतलं ओघळून वाळलेलं, वास सहन होईना. टरफलाचा तुकडा बोटांत धरला तर न दाबताच मोडला. इतक्या मोठ्या पक्ष्याच्या अंड्याचं कवच असं नसतं. आई अंगाची ऊब द्यायला बसली आणि तिच्याच वजनाने ते पिचलं.

“कोणी खाल्ल्यान काय?” शेवंताने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “उद्या सांगते.” खरं तर मला तेव्हा फक्त अंदाज होता.

वाळूवर

उद्या उजाडल्यावर मी तिला भेटायला किनाऱ्यावर गेले. ती आणि आणखी पंधरावीस बायका मासळी पसरत होत्या. माशा घोंगावत होत्या. शेवंताच्या हातात जुन्या धोतराच्या फडक्याची पुरचुंडी होती आणि ती आपटत आपटत ती मासळीच्या ओळीमधून चालली होती. पुरचुंडीतून पांढरी भुकटी झिरपत होती. तो वास मी ओळखला. माझ्या लहानपणी हिवतापाच्या फवारणीनंतर आमच्या घराच्या भिंतींना तोच वास यायचा.

“ही पावडर कसली?”

“माशी बसाना म्हणान. फवारणीवाले येतत तेंच्याकडली. सगळीच मारतत.”

“आणि काकणीचा वाटा? तोही यातलाच?”

तिने टोपलीत वेगळे काढून ठेवलेले मासे दाखवले. निवडक, अखंड, एकसारखे. त्यांच्यावर पांढरा थर स्पष्ट दिसत होता. “तेका दोनदा मारतंय,” ती म्हणाली. “देवाच्या वाट्याक कीड लागता नये.”

मी टोपलीशेजारी वाळूवर बसले. “तुझा नवरा काय घालायचा?”

“तो होडयेतलो ताजो घाली. मासो हातात उडत आसायचो. माझ्याकडे होडी खंय?”

“आणि पिल्लं?”

“तो आसताना दर वर्सा उडत.”

आता इथे मी काय करायला हवं होतं ते आज मला कळतं. तेव्हा मी फक्त मास्तरीण होते. मी वाळूत बोटाने चित्र काढलं. मासा, पक्षी, अंडं. ही पावडर अंगात जाते, चरबीत साठते, जात नाही. मग पक्षिणीच्या अंगातला चुना अंड्याला पुरत नाही. कवच पातळ होतं. ती बसते आणि ते फुटतं. वर्गात सांगते तसं, खडखडीत, शंकेला जागा न ठेवता सांगितलं. शेवटी म्हटलं, “म्हणजे बघ, विधवेच्या हाताचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. रविवारी सगळ्यांना सांगू आपण.” मला वाटत होतं की मी तिची सुटका करते आहे. खोटं कशाला बोलू, थोडा गर्वही वाटत होता.

ती चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे लोक म्हणतत ता खरांच.”

“काय खरं?”

“माझ्याच हातान.”

“अगं, हातानं नाही, पावडरीनं.”

“पावडर कोणाच्या हातात होती, बाये?”

कोंडीत सापडले की मला राग येतो, तसा आला, आणि मी काहीतरी पुटपुटत तिथून उठले. दुपारी मनोहरने किसमूर आणि भात आणवला. सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, ती कोशिंबीर मी ताटात सरकवून ठेवली. त्याने स्वतःही खाल्ली नाही.

शनिवारी ती मला दिसली नाही. तिच्या घरी गेले, तर सून म्हणाली, सासूबाई कालपासून जेवल्या नाहीत. खिडकीशी, म्हणजे तिच्या शब्दांत जनेलाशी, बसून आहेत. मी आत गेले नाही.

कौल

रविवारी सकाळी आंब्याखाली पन्नासेक माणसं जमली. पुरुष पुढे, बायका मागे. घाडीने दगड धुतला, तांब्यात बुडवलेल्या पाकळ्या हातात घेतल्या. मी मनोहरशेजारी उभी होते आणि मनात वाक्यं जुळवत होते. अंडं डब्यात बरोबर आणलं होतं. डावी पडली तर पुढे होणार आणि सगळ्यांसमोर कवच मोडून दाखवणार असं ठरवलं होतं.

घाडीने पहिली पाकळी लावायला हात उचलला आणि शेवंता बायकांतून उठली.

“पाकळी लावू नको,” ती म्हणाली. “देवाक कशाक तरास? तुमचा म्हणना खरां. माझ्या हातान होयना. मान दिराकडे जाव दे.”

तिचा दीर, ज्याची स्वतःची होडी आहे, खाली बघत उभा राहिला. तो बहुधा भांडणाच्या तयारीने आला होता.

“पण एक आयका,” ती म्हणाली. “माका सपान पडला. राखणदार इलो आणि म्हणालो, माका होडयेतलो ताजो मासो होयो. वाळूवरचो नको. दिरान ताजोच घालूचो. वाळूवरचो घातल्यान तर माका सांगू नका देवान सांगूक नाय.”

“व्हय म्हाराजा,” घाडी म्हणाला, आणि सगळे म्हणाले. दीरही म्हणाला. माझा डबा माझ्या हातातच राहिला. मी वीस मिनिटं व्याख्यान दिलं असतं तरी ही गोष्ट या लोकांच्या गळी उतरली नसती, आणि तिने ती चार-पाच वाक्यांत उतरवली. फक्त त्यासाठी स्वतःवरचा डाग खरा आहे असं तिला आधी म्हणावं लागलं.

खाली उतरताना मी तिला गाठलं. “पावडरीचं का नाही सांगितलंस? तुझा दोष गेला असता.”

ती चालत राहिली. “ह्या बायकांची सुकी मग कोण घेतलो? पेडण्याच्या बाजारात एकदा बोभाटो झालो काय झाला. तेंका दुसरां काय येता?” मग म्हणाली, “मी एक एकटी बाय. माझो मान गेलो, चलता.”

“पण ही मासळी लोक खातात, मावशी.”

“खातत,” ती म्हणाली. “मी सांगतंय तेंका, हळूहळू. एकेकीक. तू सांगू नको.” मी सांगू नये, कारण मी सांगितलं की काय होतं ते तिने पाहिलं होतं.

पुढचं मी परतल्यावरचं लिहिते. अंडं पुण्याला पाठवलं. महिन्याभराने त्या गृहस्थांचं उत्तर आलं. कवच पातळ आहे, विष आहे, त्या पावडरीतलंच विष आहे. पण ते मूठभर माशांतून आलं की एरवीच आलं, हे एका अंड्यावरून सांगता येणार नाही. शेतांतलं, फवारणीतलं, वरच्या गावांतलं सगळं धुऊन शेवटी समुद्रात जातं आणि हा पक्षी तर दिवसभर समुद्रातलंच खातो. त्या बाईंना दोष देणं शास्त्राला धरून होणार नाही, असंही त्यांनी लिहिलं होतं. मी हे शेवंताला कळवायला पत्र घेतलं. तिला वाचता येत नाही, मनोहरने वाचून दाखवलं असतं. काय लिहू? तू केलं नसशीलही? मी ठाम बोलले ते चुकून? आणि तिने ते वाचल्यावर दिराला सांगितलं की वाळूवरचंच चालेल, तर? तीन वेळा पत्र फाडलं. अजून लिहिलेलं नाही.

पण त्याआधीचं एक राहिलं. कौलाच्या दुसऱ्या दिवशी, निघायच्या सकाळी, मनोहर मोटारसायकल काढत होता तेवढ्यात मी शेवटचा समुद्र बघायला वाळूवर गेले. ऊन नुकतंच आलं होतं, होड्या अजून परतल्या नव्हत्या. शेवंता नेहमीच्या वेळेला घरातून बाहेर पडली, टोपली कमरेवर घेऊन खडकाच्या दिशेने चालू लागली. काकण आधीच येऊन खडकावर बसली होती. अर्ध्या वाटेवर शेवंता थांबली, टोपलीतल्या वाळलेल्या मासळीकडे बघितलं, आणि परत फिरली. पाखरू मान वळवून ती गेली त्या दिशेला बघत बराच वेळ तिथेच बसून राहिलं.